क्यूईएमयूच्या टेस्ट स्क्रिप्टमध्ये डीफॉल्ट ऑप्शन कुठे आणि कसे ठेवायचे?

देवगड_पेंग्विन

सात बॅश स्क्रिप्ट आहेत. प्रत्येक स्क्रिप्ट क्यूईएमयूवर (आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) डेबियन लिनक्सचं व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, उठवते, एसएसएचने आत जाऊन टेस्ट चालवते आणि व्हीएम बंद करते. मेमरी, कोअर, डिस्क, पोर्ट सगळं एका सामायिक कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेलं आहे, ती प्रत्येक स्क्रिप्ट वाचते. लॅबमधली मशीन 8 जीबीची. काहींवर केव्हीएम (प्रोसेसरच्या मदतीने व्हीएम वेगात चालवणारी लिनक्सची सोय) चालतं, काहींवर नाही. अडचणी अशा:

1. 'मेम=2048' असं पुढे लावून स्क्रिप्ट चालवली, तरी व्हीएमला 1024च मिळते.
2. दोन स्क्रिप्ट एकदम लावल्या की दुसरी सुरूच होत नाही.
3. पावसात लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की त्याच टेस्ट टाइमआउट होतात.

फोनवरून लिहितोय, म्हणून कमांड देवनागरीत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये.

मालवणी_शेल

पयलां तुमचा कॉन्फिग बघा. त्यात 'मेम=1024' असं सरळ लिहिलेलं असणार आणि स्क्रिप्ट ती फाइल 'सोर्स' करते, म्हणजे तिच्यातल्या ओळी स्वतःतच चालवते. एन्व्हायर्नमेंटमधून आलेलं 2048 त्याच क्षणी पुसलं जातं. क्यूईएमयूचा यात काही दोष नाही.

कॉन्फिगमधली प्रत्येक ओळ अशी करा: आधी कोलन, मग स्पेस, मग अवतरणात डॉलर-महिरपी कंस आणि आत 'मेम:=1024'. अर्थ असा की मेम रिकामं असेल तरच 1024 भर, नाहीतर हात लावू नकोस. या पद्धतीत जो आधी भरेल तो जिंकतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. कमांड लाइनवरचे ऑप्शन 'गेटऑप्ट्स'ने वाचून थेट व्हेरिएबलमध्ये घाला, ते एन्व्हायर्नमेंटवर मात करतील. मग त्या मशीनची लोकल फाइल सोर्स करा, शेवटी सगळ्यांची सामायिक फाइल. लोकल फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) टाका, नाहीतर एकाच्या लॅपटॉपचे आकडे सगळ्यांच्या गळ्यात.

एक बारीक गोष्ट. 'नेट=' असं रिकामं देऊन नेटवर्क बंद करायची सोय हवी असेल, तर तिथे कंसातला कोलन काढून नुसतं '=' वापरा. ':=' रिकाम्यालाही 'दिलेलं नाही' समजतं आणि डीफॉल्ट परत घुसवतं.

आणि व्हीएम उठवण्याआधी अंतिम कमांड लॉगमध्ये छापा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

चिपळूण_केव्हीएम

आता आकडे. मेमरीचा '-एम' ऑप्शन दिलाच नाही तर क्यूईएमयू 128 एमबी देतं, आजच्या डेबियनला ते पुरत नाही. 1024 ठीक आहे. 8 जीबीच्या मशीनवर एका वेळी चारच्या वर व्हीएम नकोत.

ॲक्सिलरेटर: '-ॲक्सेल केव्हीएम -ॲक्सेल टीसीजी' असं दोनदा लिहा. आधी केव्हीएम बघतं, जमलं नाही तर टीसीजी, म्हणजे सगळं सॉफ्टवेअरने चालवणारी हळू पद्धत, घेतं. पण सोबत '-सीपीयू होस्ट' ठेवाल तर टीसीजीवर व्हीएम उठणारच नाही. '-सीपीयू मॅक्स' ठेवा, दोन्हीकडे चालतं. मात्र गुपचूप टीसीजीवर गेलेली टेस्ट कित्येक पट हळू होते आणि कुणाला कळत नाही. म्हणून स्क्रिप्टनेच '/डेव्ह/केव्हीएम'वर लिहिता येतं का ते तपासावं. येत असेल तर टाइमआउट 90 सेकंद, नसेल तर 600. फाइल आहे पण परवानगी नाही, तर युजरला 'केव्हीएम' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. फाइलच नाही, तर बहुधा बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे.

बॅटरीचं कारणही वेळेचंच आहे. पॉवरसेव्हमध्ये प्रोसेसरचा वेग उतरतो आणि 90 सेकंदांत बूट अधिक टेस्ट बसत नाही. टाइमआउटला गुणक ठेवा, बॅटरीवर 2.

दुसरी स्क्रिप्ट न उठण्याची कारणं दोन असू शकतात, एरर वाचा. 'राइट लॉक' मिळाला नाही असं म्हणत असेल तर दोघी एकाच डिस्कवर लिहू पाहतात. मूळ इमेज फक्त वाचण्यापुरती ठेवा, 'चमॉड 444', आणि प्रत्येक टेस्टला 'क्यूईएमयू-आयएमजी क्रिएट'ने वेगळा क्यूकाऊ2 ओव्हरले द्या, म्हणजे मूळ इमेजवरचे फक्त बदल साठवणारी डिस्क फाइल. मूळ इमेज सांगणाऱ्या '-बी'सोबत मोठ्या एफचा '-एफ क्यूकाऊ2' पण लागतो, क्यूईएमयू 6.1 पासून तो सक्तीचा आहे. ओव्हरले असताना मूळ इमेज अपडेट केलीत तर ते सगळे फेकून द्या. होस्ट फॉरवर्डिंगची (लॅपटॉपचा पोर्ट व्हीएमला जोडणं) तक्रार असेल तर पोर्ट भिडतात: प्रत्येक स्क्रिप्टला वेगळा द्या, 2222 अधिक तिचा नंबर. पोर्टच्या आधी 127.0.0.1 जरूर लिहा, नाहीतर लॅबमधल्या कुणालाही ते दार उघडं.

देवगड_पेंग्विन

राइट लॉकच होता, ओव्हरलेने सुटला. ओव्हरलेला 'कॅश=अनसेफ' लावू का? आणि जादा ऑप्शन एखाद्या स्क्रिप्टपुरते द्यायचे तर?

मालवणी_शेल

टाकाऊ ओव्हरलेला लावा, वेग वाढतो. त्यात फ्लश (डेटा डिस्कवर पक्का लिहायचे आदेश) दुर्लक्षिले जातात, त्यामुळे वीज गेली तर ओव्हरले खराब होऊ शकतो. तो फेकायचाच आहे. मूळ इमेज तयार करताना मात्र अजिबात नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नकोच.

जादा ऑप्शनसाठी 'एक्स्ट्रा' व्हेरिएबल ठेवा, 'रीड -आर -ए'ने ॲरेत फोडा आणि कमांडच्या शेवटी जोडा. ॲरे एन्व्हायर्नमेंटमधून जात नाही, म्हणून ही कसरत. मात्र सगळे ऑप्शन सारखे वागत नाहीत. '-एम', '-सीपीयू' दोनदा आले तर शेवटचा लागू होतो. '-ड्राइव्ह', '-डिव्हाइस', '-सिरियल' साठत जातात: डीफॉल्टमध्ये एक डिस्क, एक्स्ट्रात दुसरी, की व्हीएममध्ये दोन डिस्क. '-नेटडेव्ह'चा आयडी तोच ठेवलात तर डुप्लिकेट आयडी म्हणून थांबेल. जे साठतं ते डीफॉल्टच्या एका लांब ओळीत कोंबू नका, प्रत्येकाला वेगळं व्हेरिएबल द्या.

चिपळूण_केव्हीएम

'-नो-रीबूट' डीफॉल्टमध्येच घाला. कर्नल थेट '-कर्नल'ने देत असाल तर '-अपेंड'मध्ये 'पॅनिक=-1' आणि 'कन्सोल=टीटीवायएस0' पण. मग पॅनिक झालं, म्हणजे कर्नल कोलमडला, की व्हीएम लगेच संपतं, टाइमआउटची वाट बघत बसावं लागत नाही. 'टाइमआउट' कमांडने मारलं तर एक्झिट कोड 124 येतो, तो 'फेल'पेक्षा वेगळा नोंदवा. आणि पुढे कधी 'आयएसए-डीबग-एक्झिट' (व्हीएमच्या आतून क्यूईएमयू बंद करणारं आभासी उपकरण) वापरलंत तर तिथे 0 कधीच येत नाही: आतून लिहिलेल्या आकड्याची दुप्पट अधिक 1. आतून 0 म्हणजे बाहेर 1, पण क्यूईएमयू सुरू होतानाच चुकलं तरी 1च येतो. म्हणून पाससाठी आतून 16 लिहा आणि स्क्रिप्टने 33 ला पास धरायचं.