फ्रान्समध्ये वर्षभर अध्यापन : उरलेल्या तीन सुट्यांत युरोप कसा पाहावा?

वाटेवरची_शिक्षिका :

नमस्कार. या शैक्षणिक वर्षापुरती मी फ्रान्समधील ल्यों येथील एका शाळेत इंग्रजी शिकवत आहे. येथे साधारण सहा-सात आठवडे शाळा झाली की दोन आठवड्यांची सुटी मिळते, त्यामुळे ऑक्टोबरच्या उत्तरार्धातील तूसाँची सुटी, नाताळ, फेब्रुवारीतील हिवाळी सुटी आणि एप्रिलमधील वसंताची सुटी असे चार मोठे अवकाश वर्षभरात हाती येतात. त्यांपैकी पहिला मी संपवून आले आहे आणि त्याविषयीच मनात खंत आहे.

चौदा दिवसांत ब्रुसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना आणि म्युनिक अशी सहा शहरे मी पाहिली. पाहिली म्हणण्यापेक्षा ओलांडली म्हणणे योग्य होईल. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात ब्रूगेलचे १५६५ सालचे ‘बर्फातील शिकारी’ हे चित्र आहे. वर्णनात्मक लेखन शिकवताना त्या चित्राची छापील प्रत मी कित्येक वर्षे वर्गात वापरत आले आहे आणि मूळ चित्र कधीतरी डोळ्यांनी पाहावे, ही माझी फार जुनी इच्छा होती. प्रत्यक्षात गाडीची वेळ गाठायची असल्यामुळे त्या चित्रासमोर मला जेमतेम दहा मिनिटे उभे राहता आले. परतल्यावर पहिला आठवडा इतका थकव्यात गेला की तासिकांची तयारीही नीट झाली नाही.

माझे वय पंचवीस आहे, वेतन बेताचे आहे आणि असे वर्ष पुन्हा मिळेल याची खात्री नाही. उरलेल्या तीन सुट्यांची आखणी कशी करावी? अधिकाधिक देश पाहण्याचा मोह सोडावा काय, आणि सोडला तर कोणते प्रदेश निवडावेत?

रुळांवरून :

आपल्या प्रश्नातच उत्तराची दिशा आहे, म्हणून मी थेट आखणीकडे वळतो. एका सुटीला एकच प्रदेश घ्यावा, त्यात मुक्कामाची दोन किंवा फार तर तीन गावे ठरवावीत आणि तेथून दिवसभराच्या फेऱ्या कराव्यात. प्रदेश निवडताना ऋतूचा, विशेषतः उजेडाचा, विचार आधी करावा. डिसेंबरच्या अखेरीस बर्लिनमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तर सेव्हियामध्ये सायंकाळी सहानंतरही थोडा वेळ प्रकाश असतो. बाहेर फिरायला मिळणारे ते दोन तास दोन आठवड्यांत फार मोठे ठरतात. म्हणून नाताळात आंदालुसिया (सेव्हियाचा दक्षिण स्पेनमधील प्रदेश), फेब्रुवारीत उत्तर इटली आणि एप्रिलमध्ये उत्तरेकडे, असा क्रम मी सुचवेन.

नाताळच्या बाजारांविषयी एक सूचना वेळेवर द्यायला हवी. शाळेची सुटी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि जर्मनीतील बहुतेक बाजार २३-२४ डिसेंबरला उठतात, त्यामुळे सुटीची वाट पाहिली तर हाती काही लागत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीचा किंवा डिसेंबरच्या आरंभीचा एखादा शनिवार-रविवार फ्रान्समधीलच स्त्रासबुर्गसाठी राखून ठेवावा. तेथील बाजाराची परंपरा १५७० पासूनची आहे आणि ल्योंहून गाडीने सुमारे चार तास लागतात. ८ डिसेंबरच्या आसपास मात्र कोठेही जाऊ नये, कारण त्या दिवसांत आपल्याच शहरात दीपोत्सव असतो.

आंदालुसियासाठी ल्योंहून बार्सेलोनापर्यंत सुमारे पाच तासांची थेट वेगवान गाडी आहे आणि पुढे स्पेनची वेगवान रेल्वे कोर्दोबा व सेव्हियापर्यंत नेते. कोर्दोबाच्या मशिदीचे बांधकाम ७८५ च्या सुमारास सुरू झाले. लाल-पांढऱ्या कमानींच्या त्या रांगांमधून सकाळी लवकर, गर्दी होण्याआधी चालावे. गावातच मुक्काम असेल तरच ते जमते. ग्रानादातील अल्हांब्रा या किल्ले-राजवाड्यांच्या संकुलाचे तिकीट मात्र आजच काढावे. ते नावानिशी मिळते, प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट पाहतात आणि त्यातील नासरी राजवाड्यांसाठी ठरलेली वेळ चुकली तर आत सोडत नाहीत. २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला अल्हांब्रा बंद असतो. परतीची शाळा आड येत नसेल तर ५ जानेवारीच्या सायंकाळची, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांची मिरवणूक पाहूनच निघावे. स्पेनमध्ये मुलांचा खरा सण तोच असतो.

फेब्रुवारीत बोलोन्या हा उत्तम तळ ठरेल. ल्यों ते इटलीतील तोरिनो हा रेल्वेमार्ग ऑगस्ट २०२३ मध्ये दरड कोसळून बंद पडला होता, तो मार्च २०२५ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाला आहे. बोलोन्याहून फेर्रारा, मोदेना, राव्हेन्ना आणि पादोव्हा येथे प्रादेशिक गाडीने जाऊन त्याच दिवशी परत येता येते. या गाड्यांचे भाडे ठरलेले असते आणि आरक्षणही लागत नाही, फक्त कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात शिक्का मारावा लागतो. राव्हेन्नातील पाचव्या-सहाव्या शतकातील मोझेक पाहण्यासाठी पूर्ण दिवस द्यावा. पादोव्हातील स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये चित्रकार जोत्तोने १३०५ च्या सुमारास पूर्ण केलेली भित्तिचित्रे आहेत. आतील हवा स्थिर राहावी म्हणून अभ्यागतांना आधी पंधरा मिनिटे वेगळ्या काचेच्या कक्षात बसवतात आणि मगच मोजक्या मिनिटांसाठी आत सोडतात. आरक्षण आधीच करावे लागते. त्या सक्तीच्या पंधरा मिनिटांमुळे माणूस शांत होऊन आत जातो, आणि मला ही व्यवस्था मनापासून आवडली.

अशा प्रवासाला इंटररेल पास, म्हणजे युरोपातील अनेक देशांच्या गाड्यांत चालणारा रेल्वे पास, परवडत नाही. आपण फ्रान्सच्या रहिवासी असल्याने तो आपल्याला मिळू शकतो आणि २७ वर्षांपर्यंत सवलतही आहे, परंतु लांबच्या टप्प्यांच्या धावपळीच्या प्रवासातच त्याचा खर्च वसूल होतो. शिवाय फ्रान्स, स्पेन व इटलीतील वेगवान गाड्यांना आरक्षणाचे वेगळे पैसे भरावे लागतात. स्वस्त विमानाचा विचार असेल तर विमानतळ कोठे आहे ते आधी पाहावे. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हेचा विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर दूर आहे.

शिक्का_आणि_सही :

प्रवासापूर्वीच्या तीन गोष्टी सांगतो. फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा व्हिसा आगमनानंतर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. आपण सप्टेंबरच्या अखेरीस आला असाल तर ही मुदत नेमकी नाताळच्या सुटीत संपेल आणि मग देशाबाहेरून परतताना अडचण येऊ शकेल, म्हणून हे काम राहिले असेल तर याच आठवड्यात करावे.

या व्हिसावर इतर शेंगेन देशांत (युरोपातील सामाईक व्हिसा असलेल्या देशांत) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते आणि फ्रान्समधील दिवस त्यात धरले जात नाहीत. चारही सुट्या बाहेर घालवल्या तरी सुमारे छप्पन्न दिवस होतात, तेव्हा ती चिंता नको. ब्रिटन आणि आयर्लंडसाठी मात्र वेगळा व्हिसा हवा. शेंगेनच्या आत सीमा ओलांडतानाही मूळ पासपोर्ट जवळ असू द्यावा, कारण इटली आणि जर्मनीच्या सीमांवर गाडीत तपासणी होते. छायाचित्र दाखवून भागत नाही.

फ्रेंच सामाजिक सुरक्षेत नोंद झाली असेल तर युरोपीय आरोग्य विमा कार्ड विनामूल्य मिळते. युरोपीय संघाबाहेरील नागरिकांना ते स्वित्झर्लंड आणि डेन्मार्कमध्ये चालत नाही, तेथे जाताना वेगळा प्रवास विमा घ्यावा.

जुना_फळा :

मीही एक वर्ष जर्मनीत शिकवले आहे आणि आपली खंत मला पूर्णपणे समजते. वरील आखणीत मी वसंताच्या सुटीसाठी लक्झेंबर्ग-जर्मनीतील मोझेल नदीचे खोरे सुचवेन. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून दुसऱ्या वर्गाचा रेल्वेप्रवास, बस आणि ट्राम सर्वांना विनामूल्य आहेत आणि तेथून रोमनांनी वसवलेले ट्रियर गाडीने तासाभराच्या आत येते. पोर्टा निग्रा हे रोमन वेशीचे दार पाहून नदीकाठाने खाली कोब्लेंट्सपर्यंत गावोगाव थांबत जावे. जर्मनीचे मासिक तिकीट प्रादेशिक गाड्यांत देशभर चालते. २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झाले, पुढे महागले, तरीही दोन आठवड्यांसाठी परवडते. ते वर्गणीच्या स्वरूपात असल्याने महिन्याच्या १० तारखेपूर्वी रद्द करण्यास विसरू नये.

वेळ उरला तर आल्टेना या गावी जावे. तेथील किल्ल्यात १९१२ मध्ये जगातील पहिले युवा वसतिगृह सुरू झाले आणि ते सुरू करणारे रिखार्ड शिरमान हे शाळामास्तर होते. विद्यार्थ्यांना पायी सहलींना नेताना रात्रीच्या निवाऱ्याची पंचाईत होते, या अनुभवातून त्यांना ती कल्पना सुचली. ज्या स्वस्त हॉस्टेलांच्या आधाराने आपण सारे युरोप हिंडतो, त्यांची सुरुवात एका शिक्षकाच्या सहलीतून झाली, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

एक वैयक्तिक सूचनाही करतो. प्रत्येक सुटीचे शेवटचे दोन दिवस घरीच काढावेत. मी त्या दिवसांत तिकिटे, वेळापत्रके, संग्रहालयांची पत्रके पसरून बसत असे आणि त्यांतूनच पुढील आठवड्याचे पाठ तयार होत असत. खऱ्या गाडीचे वेळापत्रक हाती दिले की एरवी गप्प बसणारी मुलेही प्रश्न विचारू लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

वाटेवरची_शिक्षिका :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हिसा वैध करण्याचे काम खरोखरच राहिले होते, ते आज सकाळी पूर्ण केले. अल्हांब्राचे २९ डिसेंबरचे तिकीट मिळाले आहे. कोर्दोबात चार रात्री आणि ग्रानादात पाच रात्री राहीन. सेव्हिया या खेपेस वगळत आहे.

वसंताच्या सुटीबाबत मात्र माझा निर्णय थोडा वेगळा आहे. मोझेलला एक आठवडा देऊन उरलेले दिवस मी पुन्हा व्हिएन्नाला जाणार आहे आणि त्या चित्रासमोरच्या बाकावर वही घेऊन बसणार आहे.