मापाच्या इनसोलआधी टेप लावून बघा

सांगलीत मशीनवर पायाचं माप देऊन इनसोल (बुटात तळव्याखाली घालायचा आधार) करून घेतला की टाचदुखी जातेच, असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाचेत कळ येत असेल, तर बहुतेकांना तळव्याच्या कमानीला आधार देणारा तयार इनसोलही मापाच्या इनसोलइतकाच उपयोगी पडतो. मोठा खर्च करण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून तळव्याला लो-डाय टेपिंग, म्हणजे कमानीला आधार देणाऱ्या चिकटपट्ट्या, करून घ्या. टेप असताना दोन-तीन दिवस दुखणं स्पष्ट कमी झालं, तर इनसोलने फायदा होण्याची शक्यता चांगली. काहीच फरक नाही पडला, तर आधी निदान पुन्हा तपासून घ्या.

आणि इनसोल बुटात राहतो, पाय मात्र चपलेत, याचं काय? दिवसभर मार्केट यार्डात चप्पल, घरी फरशीवर अनवाणी, मग त्याचा उपयोग कधी होणार! आतलं मूळ अस्तर निघणारा बूट घ्या आणि ते काढूनच इनसोल बसवा. त्याच्यावर ठेवला तर टाच वर येऊन बुटाला घासते. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज तासाने वाढवा. पोटरी ताणायचा व्यायाम सोडू नका. मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील तर मात्र कडक इनसोल नकोच, फोड आलेला कळतसुद्धा नाही.