मदत हवी आहे: क्राकोमध्ये राहायचं कुठे? आज रात्री बाराच्या आत ठरवायचंय

रेवा_कोथरूड | सकाळी १०:४२
नमस्कार. पोलंडचं सगळं ठरलंय, फक्त क्राकोचं राहणं अडलंय. दोन पर्याय धरून ठेवलेत. एक म्हणजे जुन्या गावातलं अपार्टमेंट, मुख्य चौकापासून दोन मिनिटांवर, तिसरा मजला, फोटो सुरेख. दुसरं स्टेशनजवळचं हॉटेल, साधंच आहे. अपार्टमेंट आज रात्री बारापर्यंत रद्द केलं तरच पैसे परत मिळतात.
बेत असा: वॉर्सा २ रात्री, क्राको ४, व्रोक्लाव २, ग्दान्स्क २.
नवरा म्हणतो गावातच राहू, मला स्टेशन बरं वाटतंय. राहून आलेल्यांनी प्लीज लवकर सांगा. व्हिसा आणि विमान झालंय, त्याबद्दल नको.

पाथेय | १०:५१
महिना कुठला? माणसं किती? लिफ्ट आहे का?

मिलिंद_ठाणे | ११:०३
ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे शेंगेन व्हिसाचा अर्ज करायचा, हे लक्षात ठेवा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. आमच्या ओळखीतल्या एकांचा अर्ज याच कारणाने परत आला होता.

रेवा_कोथरूड | ११:०९
व्हिसा पासपोर्टवर आहे हो, वर लिहिलंय. आम्ही चौघं आहोत. गाव की स्टेशन, एवढंच सांगा ना.

गिरीभ्रमर | ११:२०
गावात राहा. दुसरा विचारच करू नका. त्या चौकाला रिनेक म्हणतात. एकेक बाजू सुमारे दोनशे मीटर, १२५७ साली आखलेला आणि आजही तसाच. मधोमध सुकिएन्नित्से म्हणजे जुना कापडबाजार. कोपऱ्यावर सेंट मेरीचं चर्च, त्याच्या बुरुजावरून दर तासाला एक माणूस तुतारी वाजवतो, चार दिशांना चार वेळा, आणि सूर मध्येच तुटतो. तातारांच्या स्वारीत तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण घुसला म्हणून, अशी दंतकथा आहे. पहाटे सहाला चौकात कबुतरांशिवाय कुणी नसताना मी तो सूर ऐकलाय. स्टेशनजवळ राहून ते कसं मिळणार? त्या दोन मिनिटांसाठी मी पुन्हा जाईन.

क्राकुफवासी | ११:३८
सहा वर्षं इथेच राहतो, म्हणून लिहितो. (उच्चार क्राकुफ. व्रोक्लाव नव्हे, व्रोत्सवाफ. स्टेशनवरच्या घोषणा कळायला उपयोग होईल.)
गिरीभ्रमर म्हणतात ती पहाट खरी आहे. पण शुक्रवार-शनिवारची रात्रही खरी आहे. चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत तळघरांतून बार आहेत, रात्री तीनपर्यंत घोळके गात हिंडतात.
मजल्याचं महत्त्वाचं. जुन्या गावातल्या इमारती म्हणजे कामिएनित्सा, काही शतकांपूर्वीच्या. छत उंच, त्यामुळे तिसरा मजला आपल्याकडच्या चौथ्यासारखा पडतो. बहुतेकींना लिफ्ट नाही, दगडी जिने मधोमध झिजलेले. बऱ्याच अपार्टमेंटना रिसेप्शनही नसतं, दाराचा कोड फोनवर येतो आणि बॅगा आपणच चढवायच्या.
महिना आणि चौघांची वयं सांगाल का?

रेवा_कोथरूड | ११:५५
मी, नवरा, मुलगा आणि आई. मुलगा ११ वर्षांचा. आई ७१. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालंय, आता चालते व्यवस्थित, जिन्यांना वेळ लागतो. लिफ्टबद्दल काही लिहिलेलं नाही. चौघांत बॅगा दोनच मोठ्या आहेत.

पाथेय | ११:५८
लिफ्ट असती तर पहिल्या ओळीत लिहिली असती. लिहिलं नाही म्हणजे नाही. विषय संपला, स्टेशन.

गिरीभ्रमर | १२:०४
आई बरोबर आहेत हे आधी सांगायचं ना ताई! मग मीही स्टेशनच म्हणेन. पहाटे मुलाला घेऊन चालत या, अंतर फार नाही.

नर्मदातीर | १२:१५
मी तिसरं सुचवते. काझिमिएश. जुनी ज्यू वस्ती, सिनेगॉग, छोटी उपाहारगृहं, चौकापेक्षा स्वस्त. आम्ही दोघी मैत्रिणी पाच रात्री राहिलो. तिथल्या प्लाट्स नोवी चौकात लांबलचक पावावर मश्रूम-चीज भाजून देतात, झापिएकांका, शाकाहारींची चंगळ.

क्राकुफवासी | १२:२३
प्लाट्स नोवीच्या बाजूची खोली मिळाली तर तिथेही रात्रभर जाग असते. आणि स्टेशनवरून बॅगा घेऊन ट्राम करावी लागेल. दोघी मैत्रिणींना ठीक, यांना नको.

नर्मदातीर | १२:२९
आम्हाला काहीच आवाज आला नाही. आतल्या गल्लीत खोली घ्यायची, एवढंच.

ओजस१९ | १२:४१
माझा सल्ला वेगळा. पोलंडला दहा दिवस कशाला? प्राग करा, व्हिएन्ना करा, क्राको दोन दिवस. आम्ही तसंच केलं.

रेवा_कोथरूड | १२:४६
तिकिटं झालीत, वॉर्साहून वॉर्सालाच आहेत. प्राग नको.
तारखा विचारल्या होत्या: २८ एप्रिलला वॉर्सा, ३० ला क्राको, ४ मेला व्रोक्लाव, ६ ला ग्दान्स्क, ८ ला परत.

क्राकुफवासी | १२:५२
अहो, हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं! १ मे आणि ३ मे या पोलंडच्या राष्ट्रीय सुट्ट्या. तीन मे म्हणजे १७९१ च्या राज्यघटनेचा दिवस. लोक २ तारीख जोडून घेतात आणि अख्खा देश फिरायला निघतो, मायुफ्का म्हणतात या जोडसुट्टीला. म्हणूनच तुम्हाला हॉटेलं महाग दिसत असणार. तेव्हा स्टेशनजवळचं हातातलं हॉटेल सोडू नका, ते गेलं तर दुसरं मिळणं अवघड.
या दोन दिवशी मोठी दुकानं कायद्यानेच बंद. ३० तारखेला संध्याकाळी स्टेशनला लागून असलेल्या मॉलमधून दूध, ब्रेड, आईंची औषधं घेऊन ठेवा. कोपऱ्यावरची छोटी दुकानं काही उघडी असतात. संग्रहालयांच्या वेळाही बदलतात, वावेल किल्ल्याच्या साइटवर तुमची तारीख टाकून आत्ताच बघा. तिथे प्रत्येक दालनाचं तिकीट वेगळं आणि माणसांची मर्यादा असते.
आउशवित्झला, म्हणजे नाझींच्या छळछावणीच्या संग्रहालयात, जाणार आहात का? नावानिशी जागा घेतलीत?

रेवा_कोथरूड | १३:१०
२ मेला जाणार आहोत. प्रवेश मोफत आहे ना? तिथे जाऊन घेऊ म्हटलं.

पाथेय | १३:१४
नाही! प्रवेश मोफत, पण जागा आधी घ्यावी लागते, प्रत्येकाच्या नावाने. ओळखपत्र बघतात. त्या आठवड्यात तिथे जाऊन पास मिळेल या भरवशावर राहू नका. आता सगळं सोडा आणि ती साइट उघडा. गाइडबरोबरचा दौरा साडेतीन तासांचा. आउशवित्झ एक आणि बिर्केनाउ अशा दोन छावण्या, मध्ये तीन किलोमीटर, त्यांचीच बस असते. बिर्केनाउ उघडं माळरान आहे, चालणं खूप. आत फक्त लहान पर्स नेऊ देतात.

सुनंदा_मिरज | १३:३१
अकरा वर्षांच्या मुलाला नेऊ नका. १४ च्या खालच्या मुलांना आणू नये असं संग्रहालय स्वतःच सांगतं. काचेपलीकडे केसांचा ढीग आहे, मुलांचे बूट आहेत. मी बावन्न वर्षांची होते आणि दोन रात्री झोपले नाही.

ओजस१९ | १३:३७
मुलांना इतिहास कळायलाच हवा. आम्ही बारा वर्षांच्या मुलीला नेलं, तिने नीट प्रश्न विचारले.

सुनंदा_मिरज | १३:४४
प्रश्न विचारले म्हणजे सोसलं असं नाही. शिक्षिका म्हणून तीस वर्षं याच वयाची मुलं पाहिलीत. सोळाव्या वर्षी न्या, तेव्हा त्याला कुणासमोर उभे आहोत ते कळेल.

रेवा_कोथरूड | १४:०२
साइट उघडली. २ तारीख पूर्ण भरलीय. १ ला सकाळी इंग्रजी दौऱ्यात दोन जागा होत्या, घेतल्या. नवरा आणि मी जाऊ. पाथेय, खूप खूप आभार, आज कळलं नसतं तर गेटवरून परत यावं लागलं असतं.
मग त्या दिवशी आई आणि मुलगा काय करतील? मिठाची खाण?

क्राकुफवासी | १४:२०
व्येलिच्का? त्या दोघांनाच पाठवू नका. नेहमीच्या मार्गावर मिळून आठशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्यातल्या पावणेचारशेच्या वर सुरुवातीलाच, लाकडी गोल जिन्याने खाली. वर येताना लिफ्ट असते. पण आधी कळवलं तर ज्यांना चालवत नाही त्यांना लिफ्टनेच खाली नेण्याची सोय आहे, मार्ग थोडा छोटा होतो. आजच ईमेल करा आणि २ तारखेला चौघं मिळून जा. क्राकुफ मुख्य स्टेशनावरून लोकल वीसेक मिनिटांत खाणीजवळ सोडते. आत सतरा-अठरा अंश असतं, शाल ठेवा. खाणीतलं सेंट किंगाचं चर्च अख्खं मिठात कोरलंय, झुंबरंसुद्धा मिठाची. आईंना ते बघायला मिळालंच पाहिजे.
१ ला त्या दोघांनी प्लांटीत बसावं. जुन्या तटबंदीच्या जागी गावाभोवती केलेली बाग आहे, सपाट, दर दहा पावलांवर बाक. चौकातून ओब्वाझानेक घ्यायचा, तीळ-खसखस लावलेलं पावाचं कडं.

चिन्मय_बडोदे | १४:३३
शाकाहारी आहात का? पिएरोगी रुस्किए मागा, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज. पण वरून चरबीचे तळलेले तुकडे घालतात. ‘बेझ स्क्वारेक’ म्हणजे ते नकोत. झुरेक नावाच्या आंबट सूपमध्ये सॉसेज असतं. स्वस्त जेवायला ‘बार म्लेचनी’ शोधा. नाव दूधबारचं, पण साधी घरगुती खानावळच. एटीएमने ‘रुपयांत आकारू का’ विचारलं तर नाही म्हणा, झ्वॉटी म्हणजे तिथलं चलनच निवडा. एका चौकातल्या मशीनने माझे बरेच पैसे असे खाल्ले.

दर्यावर्दी | १४:५०
व्रोत्सवाफ काढून टाका. तिथून ग्दान्स्क म्हणजे एक दिवस गाडीतच मोडला, आईंना घेऊन कशाला? क्राकुफहून थेट गाडी साडेपाच तासांच्या आसपास घेते. ग्दान्स्कला चार रात्री द्या. माल्बोर्कचा विटांचा किल्ला अर्ध्या-पाऊण तासावर आहे. आणि १९८० च्या ऑगस्टमध्ये संप झाला ती गोदी, तिथलं सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचं संग्रहालय. तिथे कामगारांच्या पिवळ्या हेल्मेटांचं छत बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझे वडील गिरणी संपात होते.

नर्मदातीर | १५:०५
व्रोत्सवाफ काढू नका, मुलासाठी तेच शहर आहे. रस्तोरस्ती ब्राँझचे बुटके आहेत, शेकड्यांनी, नकाशा घेऊन शोधत हिंडायचं. संध्याकाळी ओस्त्रुफ तुमस्कीत काळा झगा घातलेला माणूस गॅसचे दिवे लावत जातो. आणि रात्सवावित्सेच्या लढाईचं गोलाकार चित्र: पंधरा मीटर उंच, ११४ मीटर लांब, आपण त्याच्या मधोमध उभे.

तोरुनप्रेमी | १५:१२
दोन्ही सोडा आणि तोरुन करा! कोपर्निकसचं जन्मगाव, युद्धात जवळजवळ अभंग राहिलेलं. बाकी वॉर्सा आणि ग्दान्स्क म्हणजे १९४५ नंतर बांधलेली जुनी गावं. खरं बघायचं तर तोरुन आणि क्राकुफ.

दर्यावर्दी | १५:२१
‘खरं’ म्हणजे काय? वॉर्साचं जुनं गाव जर्मनांनी १९४४ मध्ये पाडलं आणि लोकांनी ते विटेवर वीट रचून उभं केलं. बेलोत्तोची अठराव्या शतकातली चित्रं समोर ठेवून दर्शनी भिंती पुन्हा घडवल्या. १९८० मध्ये युनेस्कोने त्याला वारसा म्हटलं, ते या पुन्हा उभारण्यासाठीच. मला ते तोरुनपेक्षा जास्त खरं वाटतं.

तोरुनप्रेमी | १५:३०
भावना मान्य. पण चौदाव्या शतकातल्या भिंतीला हात लावणं वेगळं असतं.

रेवा_कोथरूड | १५:४४
तोरुन यावेळी नाही. व्रोत्सवाफ की ग्दान्स्क, ते रात्री घरी बोलते. अपार्टमेंट रद्द करतेय.
एक विचारायचं राहिलं. वॉर्सात कोल्हापूरचं काहीतरी स्मारक आहे असं आई म्हणते. खरं आहे का? तिचं माहेर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं. सहल तिच्याच आग्रहाने ठरली.

सुनंदा_मिरज | १५:५२
अहो, हे शेवटी का सांगता! वळिवड्यात १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं. सैबेरियातून सुटून इराणमार्गे आली होती. छावणी उठल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे.

दर्यावर्दी | १६:०१
आणि वॉर्सात स्मारक आहे, मॉन्टे कासिनोच्या लढाईच्या स्मारकाशेजारी, क्राशिन्स्की बागेजवळ. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान मोदी तिथे गेले होते. जुन्या गावापासून जवळ आहे, सपाट आहे, बागेत बाक आहेत. आईंना पहिल्याच दिवशी न्या.

रेवा_कोथरूड | १६:१८
आईला वाचून दाखवलं. आजी त्या छावणीत दूध घालायला जायची म्हणे, एक बाई तिला विणकाम शिकवायची. त्या बाईने दिलेला रुमाल आईकडे आहे, तो बरोबर घेणार आहे. मला हे आज पहिल्यांदा कळलं.

पाथेय | १६:२५
अपार्टमेंट रद्द केलंत ना? ‘बारा’ तिथले की इथले तेही बघा. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो.

रेवा_कोथरूड | १६:३१
केलं, मेल आलं. हॉटेलकडे लिफ्टजवळची खोली मागितली. खाणीला ईमेल केलंय, उत्तर आलं की इथे लिहिते.

क्राकुफवासी | १६:४०
गाडीचं एक सांगायचं राहिलं. तिकडच्या स्टेशनवर ‘पेरोन’ म्हणजे फलाट आणि ‘तोर’ म्हणजे रूळ, दोन्हींचे आकडे वेगळे असतात. फलकावर दोन्ही दिसतात, आधी पेरोन बघायचा. चुकीच्या आकड्याने गाडी गेलेली पाहिलीय. आणि ट्राममध्ये तिकीट घेतल्यावर मशीनमध्ये छापून घ्या, नुसतं खिशात ठेवलं तर दंड होतो.

चिन्मय_बडोदे | १७:०६
रेवाताई, रुमालाचा फोटो टाकाल का?