रात्री जेवल्यावर छातीत जळजळ: सोडा, पातळ औषध की गोळी?

सोलापूरकर_काका: रात्री साडेनऊला शेंगाचटणी, कडक भाकरी खाऊन अंग टाकलं की घशाशी आंबट येतं. फसफसणारी पावडर पाण्यात टाकून घेतो, ढेकर येते, बरं वाटतं. थोड्या वेळाने परत तेच. बीपीची गोळी चालू आहे. बायको म्हणते थंड दूध प्या. काय करावं?

औषधवाली_ताई: काका, त्या पावडरीत खायचा सोडा, म्हणजे सोडियम. बीपी असताना रोज नकोच. किडनीचा त्रास नसेल तर ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ औषध जेवणानंतर घ्या. थायरॉईडची गोळी असेल तर मध्ये ४ तास जाऊ द्या. दुधाने घटकाभर बरं वाटतं, एवढंच.

रत्नांग्री: पोटात आम्ल कमी तयार व्हावं म्हणून असतं ते ओमेप्राझोल घ्या की सरळ!

औषधवाली_ताई: ते लगेच आग विझवत नाही हो. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायचं, पूर्ण गुण यायला १ ते ४ दिवस. १४ दिवसांपुढे डॉक्टरांना विचारूनच. घास अडकत असेल किंवा शौचाला काळं होत असेल, तर थेट दवाखाना गाठा.

सोलापूरकर_काका: म्हणजे चटणी बंद?

औषधवाली_ताई: आधी जेवून लगेच आडवं होणं बंद! ३ तास जाऊ द्या. चटणीचं नंतर बघू.