कॉफिन घराण्याचा मूळ पुरुष कोण : ब्रिक्स्टनचा निकोलस की 1066 चा नॉर्मन सरदार?

जुनाकागद :
अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सजवळच्या नॅन्टकेट बेटावरच्या कॉफिन घराण्याचा वंशवृक्ष जिथे बघावं तिथे 1066 पर्यंत नेलेला दिसतो. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमबरोबर सर रिचर्ड कॉफिन नॉर्मंडीहून आला, त्याला इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात उत्तरेकडची पोर्टलेज ही इस्टेट मिळाली, आणि त्याच्याच वंशातला ट्रिस्ट्रम 1642 मध्ये मॅसॅच्युसेट्सला उतरला, अशी ही कथा. माझ्या मते हा वृक्ष ट्रिस्ट्रमचे आजोबा निकोलस यांच्यापाशी थांबवायला हवा. त्यावरचं सगळं छाटावं.

हातात काय आहे ते बघा. निकोलसचं 1613 चं मृत्युपत्र. मुलगा पीटर, सून जोआना. त्यांचा मुलगा ट्रिस्ट्रम, बाप्तिस्मा 11 मार्च 1609/10 (जुन्या पद्धतीने 1609, आजच्या हिशेबाने 1610), गाव ब्रिक्स्टन. हे ब्रिक्स्टन प्लिमथजवळचं आहे. लंडनचं ब्रिक्स्टन नव्हे आणि डेव्हनमधलंच ब्रिक्सहॅमही नव्हे. निम्म्या वंशवृक्षांत इथेच चूक होते आणि मग दुसऱ्याच चर्चच्या नोंदवह्या चाळल्या जातात. 1642 मध्ये ट्रिस्ट्रम निघाला तेव्हा बरोबर विधवा आई, दोन बहिणी, बायको डायोनिस आणि पाच मुलं होती. इथवर सगळं पक्कं.

आता निकोलसचा बाप कोण? पोर्टलेजशी जोडायचं तर हा एकच दुवा लागतो आणि नेमका त्यालाच कागद नाही. पोर्टलेज उत्तर किनाऱ्यावर बिडफर्डजवळ, ब्रिक्स्टन दक्षिण किनाऱ्यावर, मध्ये सरळ रेषेत साधारण 70 किलोमीटर. केवळ आडनाव सारखं म्हणून जोडलेला हा निव्वळ बादरायण संबंध आहे. विल्यमबरोबर आलेल्यांच्या ज्या याद्या पुढे केल्या जातात, त्या बऱ्याच नंतरच्या नकला आहेत, आणि नकला करताना त्यांत नावं घुसडली गेली आहेत.

दर्यावर्दी_वाचक :
छाटायला माझा विरोध आहे. कॉफिन हे स्मिथसारखं गल्लोगल्ली सापडणारं आडनाव नाही. एकाच परगण्यात असं आडनाव दोन ठिकाणी दिसलं तर नात्याची शक्यता बरीच मानावी लागते. इंग्लंडमध्ये जमीन थोरल्याकडे जायची, धाकटे दुसरीकडे जाऊन शेती धरायचे. चार पिढ्यांत त्यांचे वंशज साधे शेतकरी झालेले असायचे, आणि अशा शाखांचे कागद फार थोडे राहतात.

शिवाय डेव्हनच्या कागदांचं काय झालं हे लक्षात घ्या. मे 1942 च्या बॉम्बहल्ल्यात एक्सेटरला ठेवलेली मृत्युपत्रं जवळपास सगळी जळाली. कागद सापडत नाही म्हणजे तो कधी नव्हताच, असा निष्कर्ष डेव्हनच्या बाबतीत तरी काढता येत नाही. परंपरा म्हणून पोर्टलेजचा दुवा तुटक रेषेने ठेवा. शंका असेल तर पोर्टलेजच्या आजच्या वंशजांची आणि ट्रिस्ट्रमच्या पुरुषवंशातल्या कोणाची वाय-डीएनए (फक्त बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची) चाचणी जुळवून बघा.

जुनाकागद :
एक्सेटरच्या आगीचा मुद्दा मोलाचा आहे, पण तो पूर्ण करतो. डेव्हनच्या माणसाचं मृत्युपत्र शोधताना ते कुठल्या धर्मन्यायालयात सिद्ध झालं हे आधी बघायचं. कॅन्टरबरीच्या न्यायालयात झालं असेल तर ते लंडनला राहिलं, म्हणून वाचलं. स्थानिक न्यायालयात झालं असेल तर 1942 आधी कोणी नक्कल किंवा गोषवारा काढून ठेवला होता का, ते शोधायचं. गोषवारा वाचताना भान ठेवायचं की काढणाऱ्याने आपल्याला हवी तेवढीच नावं उतरवलेली असू शकतात. त्यामुळे एखादं नाव गोषवाऱ्यात नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

वाय-डीएनएचा मार्ग मात्र तुम्ही सांगता तसा चालणारच नाही. पोर्टलेजचा मूळ पुरुषवंश अठराव्या शतकात खुंटला. इस्टेट मुलींच्या बाजूने फिरत पाइन घराण्याकडे गेली आणि त्यांनी पाइन-कॉफिन हे नाव घेतलं. आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिताना दत्तकाची शाखा वेगळी दाखवतात ना, तसंच इथे करायला हवं. आडनाव कॉफिन, पण वाय गुणसूत्र पाइनांचं. त्यांचा नमुना घेतला तर जुळणार नाही, आणि न जुळण्यातून काही कळणारही नाही. अठराव्या शतकाआधी फुटलेली आणि बापाकडून मुलाकडे अखंड चालत आलेली पोर्टलेजची शाखा कागदावर सापडली, तरच चाचणीला अर्थ.

रेवा_मो :
डीएनएचा विषय निघालाच आहे तर नॅन्टकेटपुरती एक धोक्याची सूचना. या बेटावर पिढ्यानपिढ्या कॉफिन, स्टारबक, फोल्जर, मेसी, गार्डनर, हसी यांच्यातच लग्नं झाली. एकच पूर्वज वृक्षात चार-पाच जागी येतो. त्यामुळे सर्वसाधारण चाचणीत दोघांमध्ये जुळणारे सेंटिमॉर्गन (सामायिक डीएनए मोजण्याचं एकक) फुगतात, आणि लांबचे चुलत-मावस भाऊ संगणकाला जवळचे वाटतात. त्या आकड्यावरून पिढ्या मोजू नका.

दुसरी चूक तारखांची. 1708 पासून बेटावर क्वेकर या ख्रिस्ती पंथाची सभा होती, ट्रिस्ट्रमची मुलगी मेरी स्टारबक तिच्या अग्रणींपैकी. क्वेकर महिन्यांची नावं न लिहिता आकडे लिहितात. 1752 पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च, म्हणून ‘11वा महिना 1729’ म्हणजे जानेवारी 1730. लोक त्याचा नोव्हेंबर 1729 करतात आणि मग भावंडांमधलं अंतर दोन महिन्यांनी चुकून फार कमी दिसतं, की लगेच ‘दुसरी बायको असणार’ असा तर्क लढवला जातो. नोंद आहे तशी उतरवा, आजची तारीख शेजारी वेगळी लिहा.

ट्रिस्ट्रम, जेम्स, पीटर ही नावं प्रत्येक पिढीत आहेत. नुसत्या नावावर जोडू नका. बायकोचं नाव आणि सासऱ्याचं मृत्युपत्र जुळलं तरच जोडा.

खारवीण :
दोन्ही बाजू डेव्हनमध्येच अडकल्या आहेत. या घराण्याला दर्यावर्दी म्हणायचं ते कशामुळे? ट्रिस्ट्रम शेतकरी होता. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीला त्याने नदी ओलांडून देणारी नाव चालवली, खाणावळ चालवली. समुद्र त्याच्या वंशात आला तो बेटामुळे. 1659 मध्ये थॉमस मेह्यूकडून 30 पौंड आणि बीव्हरच्या कातडीच्या दोन टोप्या या किमतीत बेटाचा हक्क घेतला गेला. देवमासे मारणं नंतर वाढलं. 1773 मध्ये बॉस्टनच्या बंदरात ज्या जहाजांवरचा ईस्ट इंडिया कंपनीचा चहा पाण्यात फेकला, त्यातल्या ‘बीव्हर’चा कप्तान हेझेकाया कॉफिन. 1820 मध्ये देवमाशाने ‘एसेक्स’ जहाज बुडवलं, त्यानंतर होडीत उपासमारीपायी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा चिठ्ठी निघून मारला गेलेला मुलगा ओवेन कॉफिन. हा वारसा नॅन्टकेटचा आहे, पोर्टलेजचा त्यात काडीचा संबंध नाही.

आणि बेट रिकामं नव्हतं. मेह्यूच्या कागदानंतरही तिथल्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे वाम्पानोआगांचे प्रमुख वानाकमामाक आणि निकानूस यांच्याकडून 1660 मध्ये वेगळं खरेदीखत घ्यावं लागलं. पुढे देवमाशांच्या होड्यांवर वाम्पानोआग पुरुष वल्ही मारत होते, अनेकदा कर्जापायी. 1763-64 च्या साथीत त्यांची 222 माणसं गेली. घराण्याच्या इतिहासात सरदाराला दोन पानं आणि यांना एक ओळही नाही, याचा मला खरोखर राग येतो.

बायकांचंही तेच. डायोनिसला 1653 मध्ये कोर्टात उभं केलं, कारण बिअर 2 पेन्सऐवजी 3 पेन्सला क्वार्ट (जवळपास लिटरभर) विकली. तिने पुराव्यानिशी दाखवलं की कायद्याप्रमाणे हॉग्जहेडला (मोठ्या पिंपाला) 4 बुशेल (धान्याचं माप) माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, पुरतं, ती 6 घालते. कोर्टाने तिला सोडलं. हा कोर्टाचा कागद आहे, दंतकथा नाही.

दर्यावर्दी_वाचक :
खारवीणताई, वाम्पानोआगांचा मुद्दा पूर्ण मान्य. पाइन-कॉफिनचाही मान्य, वाय-डीएनएची सूचना मागे घेतो. तुटक रेष मात्र मी ठेवणारच. ती काढली तर पुढचा अभ्यासक डेव्हनच्या जमिनीच्या कागदांत या दिशेने शोधणारच नाही.

जुनाकागद :
शोधू द्या, पण रेषेतून नको. वंशवृक्षाची माहिती एका संगणकीय प्रणालीतून दुसरीत नेणाऱ्या जेडकॉम फाइलमध्ये तुटक रेष नसते. निकोलसच्या ‘वडील’ या रकान्यात नाव भरलंत की फाइल दुसरीकडे चढवताना ते ठाम नातं बनूनच जातं. पुराव्याला 0 ते 3 असा विश्वासार्हतेचा आकडा देता येतो खरा, पण नक्कल करणारा तो बघत नाही, आणि काही ठिकाणी फाइल चढवताना तो गळूनही जातो. वडिलांचा रकाना रिकामा ठेवा. पोर्टलेजचं अनुमान, त्याची कारणं आणि कुठले कागद तपासून झाले हे निकोलसच्या टिपेत लिहा. अ‍ॅडमिरल आयझॅक कॉफिनने 1827 मध्ये बेटावर शाळा काढली, तीही ट्रिस्ट्रमच्या वंशजांसाठी. सर रिचर्डपर्यंतचा पुरावा त्यानेही मागितला नव्हता.

दर्यावर्दी_वाचक :
टिपेचं पटलं. रकाना रिकामा करतो. पण टिपेत ‘परंपरा’ हा शब्द राहील, ‘दंतकथा’ नाही.