पुण्यात एसपी कॉलेजजवळ कॉट बेसिसवर (खोली नाही, फक्त एक कॉट भाड्याने) राहतो, बिल्डिंगला पालिकेची नोटीस लागलीये, मालक म्हणतायत परवापर्यंत निघा. काय करू?

हिंगोलीची_परीक्षार्थी:
नमस्कार सगळ्यांना. सदाशिव पेठेत जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आम्ही अकरा जणी राहतो. फ्लॅट टू बीएचके आहे पण हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन मारून दोन खोल्या काढल्यात, गॅलरी बंद करून तिथेपण एक कॉट टाकलीये. सोमवारी पालिकेची दोन माणसं आली, टेपने मोजमाप घेतलं, फोटो काढले आणि जिन्याच्या भिंतीला नोटीस चिकटवून गेली, विनापरवाना बदल असं काहीतरी होतं. संध्याकाळी मालक आले, नोटीस काढून खिशात घातली आणि म्हणायलेत की परवापर्यंत रूम खाली करा, तोवर कोणी आलंच तर आम्ही मालकांच्या भाच्या आहोत म्हणून सांगा. प्रत्येकीचं 10000 डिपॉझिट आहे, ते म्हणे नंतर बघू. अॅग्रीमेंट नाही, भाडं मालकांच्या मुलाच्या नंबरवर जीपे करतो. पुढच्या महिन्यात पेपर आहे माझा, आता कुठे रूम शोधू, आणि घरी सांगितलं तर पप्पा म्हणतील गुमान परत ये. पालिका आम्हाला दंड करते का? पोलीस केस होते का? प्लीज कुणाला माहीत असेल तर सांगा.

जुनी_कॉटवाली:
अगं आधी एक काम कर, रात्रीचे किती वाजलेत ते बघू नको, जीपेचे सगळे स्क्रीनशॉट काढून स्वतःला मेल करून ठेव. मालकांशी झालेलं व्हॉट्सअॅप चॅटपण एक्सपोर्ट कर. मी चार वर्षं नवी पेठेत अशीच राहिले, आठ कॉट आणि एक गीझर, सकाळी पाच वाजता आंघोळीचा नंबर लागायचा. आम्हालापण एकदा असंच काढलं होतं, आम्ही घाबरून बॅगा उचलल्या आणि डिपॉझिट आजतागायत मिळालं नाही, कारण हातात एक चिटोरा नव्हता. आणि भाच्या आहोत असं अजिबात सांगू नका. एकदा भाची म्हणून सांगितलं की भाडेकरू म्हणून तुमचा हक्क तुम्हीच घालवला.

वकील_टिळक_रोड:
सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोटिशीवर कलम कोणतं आहे. कुणी फोटो काढलाय का? एमआरटीपी म्हणजे नगररचना कायदा 1966 चं कलम 53 किंवा महानगरपालिका अधिनियमाचं 260 असेल तर विषय विनापरवाना बांधकामाचा आहे, पार्टिशन तुम्ही मारलेलं नाही, गॅलरी तुम्ही बंद केली नाही, त्याचं उत्तर मालकाने द्यायचं. त्यासाठी अकरा मुलींना दोन दिवसांत बाहेर काढा असं त्यात सहसा नसतं, ते मालक स्वतःच्या सोयीने सांगतायत. पण 264 किंवा 268 असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी, ती धोकादायक इमारतीची आणि घर रिकामं करण्याची कलमं आहेत, मग पेपर जवळ आला म्हणून एक रात्रसुद्धा तिथे काढू नका.
आता अॅग्रीमेंटचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 कलम 55 वाचा. करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे, तुमची नाही, आणि केला नाही तर त्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय रजिस्टर करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरू म्हणतो तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ते मालकाने. म्हणजे कागद नाही म्हणून तुमची बाजू पडली असं समजू नका, इथे कागद नसण्याचा तोटा त्यांना आहे. भाडेकरूंची माहिती पोलिसांना देणंही मालकाचंच काम आहे.

पेठकर_1968:
मी त्याच भागात लहानाचा मोठा झालो, आता साठीकडे आलोय. खरं सांगतो, अशा तक्रारी माझ्यासारखे शेजारीच करतात, मीपण एकदा केलीये. मुलींवर राग नाही हो. चार माणसांसाठी बांधलेल्या फ्लॅटमध्ये बारा जण, ड्रेनेज तुंबून खालच्या मजल्याच्या मोरीतून पाणी वर येतं, वाड्याच्या बोळात वीस दुचाक्या, कुणाचा वाढदिवस असला की रात्री बाराला खाली स्पीकर. रात्री 10 ते सकाळी 6 चा नियम आहे पण दर वेळी 112 ला फोन करून पोलीस बोलवायचे का लेकरांवर? आणि सांगायचं कुणाला, मालक बाणेरला राहतो, फोन उचलत नाही. मला सगळ्यात भीती वाटते ती आगीची. आमच्या बोळात अग्निशमनची गाडी वळतच नाही. तुमच्या जिन्याला रात्री कुलूप असतं का गं?

हिंगोलीची_परीक्षार्थी:
हो काका, साडेदहाला खालचं लोखंडी गेट बंद होतं, किल्ली तळमजल्यावरच्या आंटींकडे. मुलींच्या सेफ्टीसाठी म्हणून. गॅलरीला ग्रिल आहे. आणि एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर सहा चार्जर, कुकर, इंडक्शन सगळं, एमसीबी (लोड वाढला की लाईट तोडणारा स्विच) दिवसातून दोनदा पडते.

जुनी_कॉटवाली:
हे वाचून पोटात गोळा आला. प्लायवूड, इंडक्शन, ग्रिल आणि बाहेरून कुलूप. 27 जुलै 2024 ला दिल्लीत जुन्या राजेंद्र नगरमध्ये तळघरातल्या लायब्ररीत पाणी शिरलं आणि अभ्यास करणारी तीन मुलं गेली, तीपण आपल्यासारखीच परीक्षेसाठी गाव सोडून आलेली. तू वर लिहिलंस त्यावरून तुला पालिकेची माणसं शत्रू वाटली असतील, मलाही तेव्हा वाटलेली. पण टेप घेऊन ती मोजायला आली ते बरंच झालं. आज रात्रीच आंटींकडून दुसरी किल्ली मागून घे, भांडण झालं तरी चालेल.

कोथरूडचा_घरमालक:
मी स्वतः तीन मुलांना फ्लॅट दिलाय म्हणून दुसरी बाजू सांगतो. रजिस्टर करार काही अवघड नाही, ऑनलाइन होतो, मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आणि शहरात नोंदणीचे 1000 रुपये. मग लोक का करत नाहीत? पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात 40 टक्के सवलत मिळते, पीटी-3 फॉर्म भरून. भाड्याने दिलं की ती जाते. करार रजिस्टर झाला की भाडेकरू आहेत हे कागदावर येतं, म्हणून कागदच नको, म्हणून मुलाच्या नंबरवर पैसे, म्हणून भाच्या. अकरा कॉटचं भाडं घ्यायचं आणि कर भरताना मी एकटा राहतो सांगायचं, याचा मला घरमालक म्हणूनच संताप येतो, कारण नियमाने देणारे आम्हीपण यांच्यामुळे बदनाम होतो.
पालिकेच्या कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयात जा, नोटिशीबद्दल विचारा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. एकटी जाऊ नको, चार-पाच जणी जा.

वकील_टिळक_रोड:
अर्जात तीनच गोष्टी लिहा. तुम्ही भाडेकरू आहात आणि कधीपासून, बदल तुम्ही केलेला नाही, जिना रात्री बाहेरून बंद असतो. डिपॉझिटसाठी मालकाला वेगळं लेखी पत्र, व्हॉट्सअॅपवर पाठवलं तरी चालेल पण तारीख आणि रक्कम हवी. जागा सोडायची तर सोडा, पण पैसे हातात आल्यावर किल्ली द्या.

हिंगोलीची_परीक्षार्थी:
अपडेट. गॅलरीत राहणाऱ्या मैत्रिणीच्या फोनमध्ये नोटिशीचा फोटो निघाला! कलम 53 आहे, नाव मालकांचं, आमचं कुठेच नाही. सात जणी अर्ज द्यायला तयार आहेत, बाकी चौघींच्या घरचे घाबरलेत. मालकांना मेसेज केला, ब्लू टिक आली, रिप्लाय नाही. आंटी आधी चिडल्या, मग मी काकांचं वरचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं तर गप्प झाल्या आणि डब्यातून दुसरी किल्ली काढून दिली, ती आता दारामागच्या खिळ्याला लावलीये. इंडक्शन आजपासून बंद, मेसचा डबा लावतोय. उद्या अकरा वाजता कार्यालयात जातोय, पोच मिळाली की इथेच टाकते.