सासूबाईंचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन, कानांनी जेमतेम. ती रात्र कशी काढायची?

सुदामानगरची सून:
नमस्कार. आम्ही इंदूरचे. सासूबाई ८१ वर्षांच्या. डावा डोळा काचबिंदूने गेला, उजेड-अंधार तेवढा कळतो. उजव्यात मोतीबिंदू पिकलाय, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. मशीनं दोन्ही कानांची आहेत, पण घालतात फक्त डाव्याचं. उजवं घातलं की डोक्यात गिरणी सुरू होते म्हणतात.

बोलणं त्यांना कळतं ते समोरच्याच्या ओठांकडे बघून, तेही मराठीच. हॉस्पिटलात सगळ्या सिस्टर हिंदी बोलणार आणि तोंडाला मास्क. त्यात डोळ्यावर झाकण आणि मशीन काढून ठेवलेलं. मी शेजारी बसलेय हे त्यांना कळणार तरी कसं?

आणखी एक. गेले काही महिने दुपारी त्यांना भिंतीपाशी फेटे बांधलेली माणसं दिसतात. घाबरत नाहीत, उलट "आज पाचच आलेत" असं हसत सांगतात. शेजारच्या काकू म्हणतात नजर उतरवा, आमचे हे म्हणतात डोक्याच्या डॉक्टरला दाखवा.

बडोदेकर:
माझ्या वडिलांचं गेल्या वर्षी झालं. थेंबांचा गोंधळ फार होतो, म्हणून काचबिंदूच्या बाटलीला रबरबँड गुंडाळून ठेवा, हाताला लगेच कळते. एक औषध घातल्यावर दुसऱ्याच्या आधी निदान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर पहिलं वाहून जातं. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. बाकी कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोललं की भागतं.

वॉर्डातली आक्का:
सरकारी हॉस्पिटलात डोळ्यांच्या वॉर्डात नोकरी झाली, आता रिटायर होऊन रामबागेत असते. बडोदेकरांचं थेंबांचं अगदी बरोबर. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. काचबिंदूच्या थेंबांत टिमोलॉल असेल तर हे हवंच, त्याने नाडी मंदावते आणि दमेकऱ्याला धाप लागते. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बोट लावायचं नाही.

मोठ्याने बोलण्याचं मात्र पटत नाही. म्हातारपणी आधी जातात ते बारीक, वरच्या पट्टीतले आवाज: स, श, फ, त. ओरडलं की "आ" आणि "ओ" तेवढे मोठे होतात, व्यंजनं तिथल्या तिथेच. शिवाय ओरडताना चेहरा रागावल्यासारखा दिसतो. समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर येऊ द्या (खिडकीकडे पाठ करून बसलात तर त्यांना काळी सावली दिसते), आणि हळू, आहे त्याच आवाजात बोला. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणू नका, शब्द बदला.

आता त्या रात्रीचं. तुमच्या आई कानांपेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकतात, म्हणजे डोळा झाकला की कानही बंद. खुणा आत्ताच ठरवा, दिसतंय तोवर, आणि घरात सराव करा. दंडावर हात ठेवून क्षणभर थांबायचं म्हणजे "मी आले". एकदम हात धरायचा नाही. दचकलेल्या माणसाचा हात आधी डोळ्याकडे जातो. मनगटावर दोन थापा म्हणजे औषध घालतेय. तळहातावर उभी रेघ "हो", फुली "नाही". वाचता येत असेल तर बोटाने तळहातावर मोठं अक्षर काढा, शिरोरेघ न देता, एकावर एक न गिरवता. जोडाक्षरं टाळा. उठून जातानाही खूण हवी. वॉर्डात किती बायका रिकाम्या स्टुलाशी बोलत बसायच्या! नातेवाईक चहाला गेलेले असायचे, सांगायचं कुणाला सुचायचं नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, म्हणजे डावं मशीन कानात राहू द्या म्हणून विचारता येईल. पाणी, औषध त्या बाजूला कमी ओघळतं. हे भरतीच्या वेळीच सर्जनना आणि ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) सिस्टरला सांगा, केसपेपरवर "ऐकू येत नाही" असं ठळक लिहून घ्या. मोतीबिंदूला बहुतेकदा भूल डोळ्यापुरतीच असते. पेशंट जागा, तोंडावर कापड, आणि कापडापलीकडून आवाज येतो, "अम्माजी, हिलना मत!" ते ऐकूच आलं नाही तर काय करायचं? खांद्यावर दाब म्हणजे स्तब्ध राहायचं, हे आईंना आणि ओटीतल्या माणसांना दोघांनाही माहीत हवं. मशीन काढायचंच म्हणाले तर नाव लिहिलेल्या डबीत घालून तुमच्याच पर्समध्ये. टिश्यूत गुंडाळून उशाशी ठेवलेली मशीनं कचऱ्यात गेलेली पाहिलीत.

फेटेवाल्यांची नजर उतरवू नका. दिसणं कमी झालं की मेंदू आपणच चित्रं भरतो. शार्ल बोने नावाच्या स्विस अभ्यासकाने १७६० साली आपल्या आजोबांचं असंच लिहून ठेवलंय, त्यांनाही मोतीबिंदू होता. आजही हा प्रकार बोनेच्याच नावाने ओळखतात. माणसाला ते खरं नाही हे ठाऊक असतं आणि चित्रं बोलत नाहीत. तुमच्या आई हसून सांगतात, ते मला चांगलं लक्षण वाटतं. दिवा लावला किंवा डोळे इकडेतिकडे फिरवले की पुष्कळदा नाहीसे होतात. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालाच. ती माणसं बोलायला लागली, किंवा आईच एकाएकी बरळू लागल्या, घरच्यांना ओळखेनात, तर मात्र ते वेगळं, त्याच दिवशी दाखवायचं.

सुदामानगरची सून:
आक्का, फार धीर आला. काल तळहातावर "चहा" काढलं, तर म्हणाल्या "साखर बेताची". आता दोन शंका. झाकण असेपर्यंत भरवू का? आणि उजव्या कानात मळ असेल म्हणून कोमट तेल घालायचं सासऱ्यांच्या मनात आहे.

वॉर्डातली आक्का:
भरवू नका, त्यांनी मागितलं तरच. ताट आपल्या पद्धतीनेच वाढा: डावीकडे चटणी-कोशिंबीर, वर मीठ-लिंबू, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात. जन्मभर हात तिथेच जातोय, न बघताही सापडेल. खाचांचं ताट दिलंत तर चाचपडतील. दिसायला लागल्यावरही पांढरा भात पांढऱ्या बशीत नको. आमटी गरम असेल तर वाटीला त्यांचा हात आधी लावून द्या.

तेल नको. पडद्याला भोक असेल तर आत जाऊन कान वाहायला लागतो, आणि मशीन चिकट होतं ते वेगळंच. कानाच्या डॉक्टरकडून मळ बघून घ्या, मग मशीनवाल्याकडे आवाज नीट लावून घ्या. ती गिरणी बहुधा तिथेच थांबेल. नंतर घरातल्या शांत खोलीत थोडा थोडा वेळ घालायची सवय करा, लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्यांदा नको.

ऑपरेशननंतर दुखणं वाढलं, लाली वाढली, चिकट पाणी आलं, किंवा दिसत होतं ते कमी झालं, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच गाडी काढायची. आणि नंतरच्या थेंबांत बहुतेकदा स्टेरॉइड असतं, काही जणांचा डोळ्याचा दाब त्याने वाढतो. काचबिंदू आहे हे सर्जनना पुन्हा सांगा, आणि डाव्या डोळ्याचे थेंब चालू ठेवायचे का तेही विचारून घ्या. आपल्या मनाने बंद करू नका.